जाण्याची किंमत कोणाच्या पदरात?
उरणचा खेळाडू, क्रिकेटचा नकाशा आणि निष्ठेची भाषा

१

उरण तालुक्यातल्या एखाद्या महाविद्यालयात शिकणारा मुलगा चांगला खेळत असेल, तर तो कोणाचा खेळाडू, या साध्या प्रश्नाला आज तीन उत्तरे आहेत. फुंड्याच्या वीर वाजेकर महाविद्यालयाचा विद्यार्थी आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरला तर तो मुंबई विद्यापीठाचा. कारण रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे तिन्ही जिल्हे आजही मुंबई विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात आहेत. तोच मुलगा कबड्डी खेळू लागला तर आधी रायगड जिल्ह्याचा आणि मग महाराष्ट्राचा. तिथे मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हेसुद्धा रायगडसारखेच राज्य संघटनेचे जिल्हे असल्यामुळे वरच्या पायरीवर उरणकर आणि परळकर एकाच संघात येतात. पण त्याने रणजी करंडकाचे स्वप्न पाहिले तर रस्ता पुण्याकडे वळतो. रायगड जिल्हा क्रिकेटपुरता महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनकडे आहे, आणि मुंबई क्रिकेट असोसिएशनची हद्द ठाणे, पालघर, नवी मुंबई असा पसारा घेऊनही उरणच्या अलीकडेच थांबते.

ही विसंगती कागदावरची वाटेल. पण विरारच्या मुलाने पहाटेची लोकल पकडून वांद्रे, चर्चगेट गाठावे आणि ‘मुंबईचा’ म्हणून वाढावे, तर मोऱ्याच्या धक्क्यावरून भरती-ओहोटीचा हिशेब करीत तासाभरात भाऊच्या धक्क्याला उतरणाऱ्या मुलाने ‘मुंबईचा’ होण्यासाठी दाखले गोळा करावेत, हा फरक कोणी आणि केव्हा ठरवला? तो ओलांडायचा झाला तर किंमत कोण मोजतो आणि ती कोणाला मिळते? एक संघ सोडून दुसऱ्या संघात जाण्याविषयी आपल्याकडे गेली काही वर्षे बरेच लिहिले-बोलले गेले आहे. त्या लेखनात खेळाडूच्या निष्ठेची चिकित्सा पुष्कळ आणि हद्दीची चिकित्सा जवळजवळ नाही, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य आक्षेप आहे.

२

आधी हद्दी कशा पडल्या ते पाहू. रणजी करंडक १९३४-३५ मध्ये सुरू झाला तेव्हा मराठी मुलखाचे राजकीय तुकडे होते तसेच क्रिकेटचेही होते. मुंबई हे इलाख्याचे शहर आणि स्वतंत्र संघ. पुण्याभोवतीचा महाराष्ट्र हा दुसरा. नागपूर-वऱ्हाड मध्य प्रांतात, म्हणून मध्य प्रांत व वऱ्हाड हा आणखी एक. पुढे बडोदा आणि इंदूरचे होळकर या संस्थानांचे संघ आले आणि त्यांत मराठी माणसांचा मोठा भरणा राहिला. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, १९५७-५८ पासून विदर्भाचा संघ रणजीत उतरला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. मराठी भाषकांचे एक राज्य व्हावे म्हणून एवढे मोठे आंदोलन झाले, पण क्रिकेटच्या नकाशावर त्याचा ओरखडाही उमटला नाही. राज्य एक झाले, संघ तीनच राहिले.

विद्यापीठांच्या नकाशाची गोष्ट याच्या उलट आहे. आंतरविद्यापीठ क्रिकेटची रोहिंटन बारिया करंडक स्पर्धा १९३५-३६ मध्ये सुरू झाली त्या वेळी पुणे, सांगली, कोल्हापूर इथली महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशीच जोडलेली होती. १९४९ साली पुणे विद्यापीठ झाले, १९५८ साली मराठवाडा, १९६२ साली शिवाजी. प्रत्येक नव्या विद्यापीठाबरोबर महाविद्यालयीन खेळाची फेरजुळणी झाली. काल एका संघासाठी निवडचाचणी देणारी मुले आज एकमेकांविरुद्ध उभी राहिली. या फेरजुळणीबद्दल कोणी कोणाला फितूर म्हटल्याचे ऐकिवात नाही. बापू नाडकर्णी १९५०-५१ मध्ये नव्या पुणे विद्यापीठाकडून खेळले, पुढच्या हंगामात महाराष्ट्राकडून रणजीत उतरले आणि १९६०च्या सुमारास मुंबईत येऊन मुंबईचे झाले. त्यांच्या नावामागे आज आपण ‘मुंबईकर’ लावतो, नाशिक किंवा पुण्याने त्यांच्यावर हक्क सांगितल्याची तक्रार आठवत नाही.

कोकण मात्र मुंबई विद्यापीठातच राहिले. स्वतंत्र कोकण विद्यापीठाची मागणी अधूनमधून डोके वर काढते आणि तिच्याविरुद्धही तितकेच जोरकस मुद्दे मांडले जातात. त्यांत पदवीवरचे ‘मुंबई’ हे नाव जाईल, हा मुद्दा नेहमी असतो. म्हणजे नावाला किंमत आहे हे आपल्याला ठाऊक आहे. पदवीच्या बाबतीत ती उघड बोलली जाते. खेळाच्या बाबतीत मात्र तिला आपण ‘परंपरा’ म्हणतो.

३

संघ बदलणे ही आजची, पैशाने आणलेली रीत आहे, असा एक समज रूढ आहे. जुन्या नोंदी तो टिकू देत नाहीत. विजय हजारे सांगलीचे. ते महाराष्ट्राकडून खेळले आणि बडोद्याच्या महाराजांच्या चाकरीत गेल्यावर बडोद्याचे झाले. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात होळकरविरुद्ध त्यांनी २८८ धावा केल्या आणि गुल महंमद यांच्याबरोबर ५७७ धावांची भागी रचली, ती बडोद्याच्या नावावर. समोरच्या होळकर संघाचे नेतृत्व कर्नल सी. के. नायडूंकडे होते आणि नायडू नागपूरचे. विनू मंकड वेगवेगळ्या वर्षी वेस्टर्न इंडिया, नवानगर, महाराष्ट्र, गुजरात, बंगाल, मुंबई आणि राजस्थान इतक्या संघांकडून खेळले. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर बडोदा, होळकर, राजस्थान, रेल्वे असे फिरले, पण त्यांची नाबाद ४४३ धावांची खेळी डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात, महाराष्ट्राकडून, काठेवाडविरुद्ध झाली. ब्रॅडमनच्या नाबाद ४५२ धावा दहापेक्षाही कमी अंतरावर असताना काठेवाडच्या कर्णधाराने सामनाच सोडून दिला. त्या खेळीचा अभिमान बाळगताना निंबाळकर किती संघांत राहिले, हे कोणी मोजत नाही.

या पिढीच्या फिरतीला ‘नोकरी’ असे नाव होते. खेळाडूला पोट होते आणि संस्थानिकाला संघ हवा होता. व्यवहार सरळ होता म्हणून त्याभोवती नीतीची भाषा उभी राहिली नाही. संस्थाने गेली, पुढे बँका, रेल्वे, मोठ्या कंपन्या यांनी खेळाडूंना नोकऱ्या दिल्या आणि खेळाडू शहराशी बांधला गेला. मुंबईत नोकरी मिळाली की मुंबईकर होता येत असे. आज त्या नोकऱ्या आटल्या आहेत. खेळाडूचे उत्पन्न थेट सामन्यातून येते, आणि सामना खेळण्याची परवानगी संघटनेकडून. इथेच ‘ना हरकत प्रमाणपत्र’ या कागदाला वजन आले.

हे वजन रुपयांत मांडता येते. भारतीय नियामक मंडळाने २०२१ साली देशांतर्गत सामन्यांचे मानधन वाढवले. वीसपर्यंत सामने खेळलेल्या खेळाडूला अंतिम अकरात असताना दिवसाला ४० हजार, त्यावरच्या अनुभवाला ५० आणि ६० हजार, राखीव खेळाडूंना याच्या निम्मे. रणजीच्या वरच्या गटात साखळीचे सात सामने असतात, म्हणजे अठ्ठावीस दिवस. नवखा खेळाडू सर्व सामने खेळला तर ११ लाख २० हजार रुपये. तोच मोठ्या संघाच्या राखीव बाकावर बसला तर ५ लाख ६० हजार, आणि पंधरांत नसला तर काहीच नाही. मुंबईच्या गर्दीत सोळावा ठरलेला मुलगा दुसऱ्या संघात तिसरा ठरू शकतो. त्याच्या ‘निष्ठे’ची किंमत एका हंगामात एवढी आहे. शिवाय बाहेरून घेता येणाऱ्या खेळाडूंच्या संख्येवर तीनचे बंधन असल्यामुळे जागा थोड्या आणि उशीर महाग.

४

आता गेल्या दशकातील मराठी क्रिकेटलेखन समोर ठेवू. वसीम जाफर मुंबईहून विदर्भात गेला. विदर्भाने २०१७-१८ आणि २०१८-१९ असे सलग दोनदा विजेतेपद मिळवले आणि दुसऱ्या हंगामात चाळिशीतल्या जाफरने हजारावर धावा केल्या. या जाण्याचे वर्णन आपल्याकडे ‘अनुभवाचे दान’ या सुरात झाले. अर्जुन तेंडुलकर २०२२-२३ मध्ये गोव्याकडे गेला आणि पहिल्याच रणजी सामन्यात राजस्थानविरुद्ध शतक केले, तेव्हा सूर ‘संधीच्या शोधात’ असा होता. सिद्धेश लाड गोव्याला जाऊन परत मुंबईत आला, त्या दोन्ही प्रवासांवर फारशी शाई खर्च झाली नाही. एप्रिल २०२५ मध्ये यशस्वी जयस्वालने गोव्यासाठी ना हरकत मागितली, मे महिन्यात ती विनंती मागे घेतली आणि मुंबईने ते मान्य केले. त्या दोन महिन्यांत ‘घडवणाऱ्या शहराचे ऋण’ हा शब्दप्रयोग पुन्हा पुन्हा वाचायला मिळाला. उत्तर प्रदेशातल्या भदोहीहून आलेला, आझाद मैदानावर तंबूत राहिलेला मुलगा, म्हणून त्याच्यावर ऋणाचे ओझे अधिक. पृथ्वी शॉ त्याच वर्षी मुंबई सोडून महाराष्ट्राकडे गेला. २०२४ मध्ये त्याला मुंबईच्या रणजी संघातून वगळले गेले होते, त्यामुळे इथे ‘ऋण’ बाजूला राहिले आणि ‘नवी सुरुवात’ आली.

ही पाच उदाहरणे एकमेकांशेजारी ठेवली की निष्ठेच्या भाषेचे व्याकरण कळते. संघाला खेळाडू नको असेल तेव्हा जाणे हे धैर्य ठरते. संघाला हवा असेल तेव्हा तेच जाणे कृतघ्नता ठरते. वयस्क खेळाडू गेला तर तो देतो, तरुण गेला तर तो नेतो. म्हणजे निष्ठा हा खेळाडूचा गुण नसून संघाच्या गरजेचे मोजमाप आहे. आणि संघटनेने खेळाडूशी किती निष्ठा ठेवावी, वगळताना किती महिने आधी सांगावे, राखीव बाकावर किती हंगाम झुलवत ठेवावे, याची चर्चा त्या भाषेत बसतच नाही. ज्या भाषेत एकाच पक्षाचे कर्तव्य सांगता येते, ती भाषा नीतीची म्हणता येत नाही.

याहून कठोर उदाहरण २००७ चे आहे. एस्सेल समूहाने इंडियन क्रिकेट लीग काढली, नियामक मंडळाने तिला मान्यता दिली नाही आणि तिकडे गेलेल्यांना देशांतर्गत क्रिकेटचे दरवाजे बंद झाले. २००९ मध्ये मंडळाने क्षमादान जाहीर केले, त्यानंतर अनेक जण परतले. ‘क्षमादान’ हा शब्दच पाहण्याजोगा आहे. कराराने दुसरीकडे खेळणे हा गुन्हा कधी ठरला? १९ वर्षांखालील भारतीय संघाचा कर्णधार राहिलेला अंबाती रायुडू त्या फेऱ्यात सापडला आणि भारताकडून पहिला सामना खेळायला त्याला २०१३ उजाडले. लवकर जाण्याचा दंड इथे रुपयांत घेतला गेला नाही, वर्षांत घेतला गेला. खेळाडूजवळ सगळ्यांत कमी असलेली वस्तू तीच असते.

५

दंड रुपयांत लिहून ठेवला तर काय होते, हे पाहायला अमेरिकेतला महाविद्यालयीन खेळ उपयोगी पडतो. तिथे विद्यापीठे ‘कॉन्फरन्स’ नावाच्या गटांत खेळतात, गट दूरचित्रवाणीचे हक्क विकतो आणि पैसा सभासदांत वाटतो. तिथे जाणारा खेळाडू नसतो, आख्खे विद्यापीठ असते. मेरीलँड हे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सचे १९५३ पासूनचे, म्हणजे संस्थापक सभासद. २०१२ च्या सप्टेंबरात त्या गटाने बाहेर पडण्याचे शुल्क वाढवून ५ कोटी डॉलरच्या पलीकडे नेले. मेरीलँडचा त्याला विरोध होता. नोव्हेंबरात त्याने गट सोडण्याचे जाहीर केले, दोन्हीकडून दावे झाले आणि २०१४ मध्ये सुमारे ३ कोटी १४ लाख डॉलरवर तडजोड झाली. टेक्सास आणि ओक्लाहोमा या विद्यापीठांनी २०२१ मध्ये ‘बिग ट्वेल्व्ह’ सोडण्याचे ठरवले. करार २०२५ पर्यंत होता. एक वर्ष आधी निघण्यासाठी दोघांनी मिळून १० कोटी डॉलर सोडून द्यायचे कबूल केले आणि १ जुलै २०२४ रोजी नव्या गटात गेली. म्हणजे एका वर्षाच्या घाईला प्रत्येकी ५ कोटी डॉलर.

या व्यवस्थेचा गुण असा की किंमत आधी माहीत असते, तिच्यावर न्यायालयात भांडता येते आणि कोणी कोणाला कृतघ्न म्हणून गप्प करू शकत नाही. मार्च २०२५ मध्ये फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन यांनी भांडूनच आपल्या गटाचे निर्गमनशुल्क टप्प्याटप्प्याने उतरवून घेतले. दोषही तितकाच ठळक आहे. पॅसिफिक किनाऱ्यावरचा बारा विद्यापीठांचा गट २०२४ पर्यंत असा रिकामा झाला की ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट ही दोनच उरली. स्टॅनफर्डसारखे पश्चिम किनाऱ्यावरचे विद्यापीठ अटलांटिकच्या गटात गेले आणि तिथल्या पोहणाऱ्या, व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुलामुलींच्या वाट्याला फुटबॉलच्या पैशासाठी खंडभर विमानप्रवास आला. शुल्क भरले ते विद्यापीठांनी, शुल्क मिळाले ते गटाला. प्रवासाचा शीण आणि मागे उरल्याचे एकाकीपण ज्यांच्या वाट्याला आले, त्यांना त्या कोटींतून काही मिळाले नाही.

म्हणजे पैशाची उघड भाषा ही निष्ठेच्या धूसर भाषेपेक्षा प्रामाणिक आहे, पण पुरेशी नाही. किंमत किती, याइतकाच ती कोणाच्या पदरात पडते हा प्रश्न महत्त्वाचा आहे. या बाबतीत फुटबॉलची जागतिक संघटना फिफा हिचा नियम अधिक विचारपूर्वक केलेला दिसतो. व्यावसायिक खेळाडू करार चालू असताना एका क्लबकडून दुसऱ्याकडे गेला की हस्तांतराच्या रकमेतील पाच टक्के भाग त्याला १२ ते २३ या वयात ज्या ज्या क्लबांनी शिकवले त्यांच्यात वाटला जातो. पहिला करार करताना प्रशिक्षणाची भरपाई वेगळी. गावातला छोटा क्लब खेळाडूला अडवू शकत नाही, पण त्याने घातलेले पाणीही वाया जात नाही.

६

आपल्याकडे नकाशाच बदलण्याचा एक मोठा प्रसंग येऊन गेला. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्या. लोढा समितीने ४ जानेवारी २०१६ रोजी अहवाल दिला आणि ‘एक राज्य, एक मत’ हे सूत्र मांडले. १८ जुलै २०१६ रोजी न्यायालयाने ते स्वीकारले. महाराष्ट्रात तीन आणि गुजरातेत तीन संघटना असल्याने दोन्ही राज्यांत खळबळ झाली. मुंबईचे पूर्ण सदस्यत्व जाणार, या कल्पनेनेच अनेकांना धक्का बसला. मुंबईची विजेतेपदे, मुंबईने भारताला दिलेले खेळाडू, यांच्या याद्या निघाल्या. ९ ऑगस्ट २०१८ रोजी न्यायालयाने सूत्र बदलले आणि मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ तसेच गुजरात, बडोदा, सौराष्ट्र या सर्वांना पूर्ण सदस्यत्व परत मिळाले. क्रिकेटच्या इतिहासातील वाटा हे त्याचे एक कारण होते.

निकालाचे स्वागत रास्त होते. एका राज्याला एकच मत द्यायचे तर नागपूरचा आवाज पुण्यात किंवा मुंबईत विरघळला असता, आणि तेव्हा विदर्भ नुकताच रणजी विजेता झाला होता. २०२४ च्या अंतिम सामन्यात मुंबईने विदर्भाला हरवून बेचाळिसावे विजेतेपद घेतले आणि पुढच्याच हंगामात विदर्भाने उपांत्य फेरीत मुंबईला घरी धाडून तिसरे मिळवले. ही चुरस तीन संघ आहेत म्हणूनच आहे. माझा आक्षेप निकालाला नाही, त्या वादात जे सुटून गेले त्याला आहे. अडीच वर्षे चाललेल्या त्या चर्चेत मत कोणाचे, खुर्ची कोणाची, अनुदान कोणाचे, हे सर्व आले. तिन्ही संघटनांमधल्या हद्दी आज लोकांच्या राहण्या-शिकण्याशी जुळतात का, हे कोणी विचारले नाही. संघटनांच्या अस्तित्वाचा प्रश्न सुटला आणि सीमेवरचा मुलगा होता तिथेच राहिला.

७

पुन्हा उरणकडे येऊ. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले. शिवडीहून निघालेला २१.८ किलोमीटरचा हा पूल उरण तालुक्यात चिर्ल्याला उतरतो. त्याच दिवशी खारकोपर-उरण लोकल सुरू झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये उरण, पनवेल, पेण तालुक्यांतली १२४ गावे ‘तिसऱ्या मुंबई’च्या नियोजनात घातली गेली, त्यावर गावागावांतून हरकती निघाल्या. बंदर, रेल्वे, पूल, नगरनियोजन, विद्यापीठ या सर्व अर्थांनी उरणला मुंबईत ओढले जात आहे. क्रिकेटच्या अर्थाने मात्र ते महाराष्ट्र संघटनेच्या रायगडात आहे.

यावर झटपट सुचणारा उपाय म्हणजे उरण, किंबहुना सगळा रायगड, मुंबईच्या हद्दीत घालावा. तो स्वीकारण्याआधी दोन हिशेब करायला हवेत. पहिला उरणच्याच मुलाचा. रायगड जिल्ह्याच्या संघातून पुढे सरकणे आणि मुंबईच्या मैदानांवरच्या शेकडो क्लबांतून वर येणे, यांत पहिली वाट अरुंद असली तरी गर्दी कमी आहे. महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये आता ‘रायगड रॉयल्स’ नावाचा संघ आहे. रायगड हे नाव छातीवर घेऊन दूरचित्रवाणीवर दिसण्याची संधी मुंबईच्या कुठल्या उपनगरी संघात मिळेलच असे नाही. ‘मुंबई’ हे नाव मोठे असले तरी त्याच्या रांगेत उभे राहण्याचाही खर्च असतो, आणि तो रोज सकाळच्या लोकलमध्ये भरावा लागतो.

दुसरा हिशेब मागे उरणाऱ्यांचा. उरण-पनवेलचा भरभराटीचा भाग निघून गेला तर महाड, पोलादपूर, म्हसळा इथल्या मुलांच्या जिल्हा संघात काय उरेल? पॅसिफिक किनाऱ्यावरच्या त्या दोन विद्यापीठांची गत इथे छोट्या प्रमाणात होईल. जिल्ह्याचे मैदान, पंच, निवडसमिती, प्रायोजक हे सारे श्रीमंत तालुक्यांच्या आधाराने चालते. हद्द हलवणे म्हणजे केवळ एका गावाची सोय नसते, दुसऱ्या गावाची गैरसोयही त्यात असते. म्हणून ‘नकाशा जुना आहे’ एवढ्यावरून ‘नकाशा फाडा’ हे सिद्ध होत नाही.

माझ्या मते हद्द न हलवताही तीन गोष्टी करता येतील. एक, सीमेवरच्या तालुक्यांतील खेळाडूला एका ठरावीक वयात, समजा सोळाव्या वर्षी, एकदाच निवड करण्याचा हक्क द्यावा. त्याची शाळा किंवा महाविद्यालय ज्या संघटनेच्या क्षेत्रात आहे ती निवडायची की राहत्या घराची, हे त्याने आणि पालकांनी ठरवावे. दोन, ना हरकत प्रमाणपत्राच्या अर्जावर ठरलेल्या दिवसांत लेखी निर्णय मिळावा, न मिळाल्यास हरकत नाही असे समजावे. आज जी परवानगी मेहेरबानीसारखी दिली-घेतली जाते, ती त्यामुळे हक्काच्या जवळ येईल. तीन, वरिष्ठ संघात गेलेल्या खेळाडूच्या पहिल्या काही हंगामांत, जी संघटना त्याला घेते तिने मानधनाच्या एका अल्प टक्क्याएवढी रक्कम आपल्या खजिन्यातून त्याच्या मूळ जिल्ह्याला आणि मूळ क्लबला द्यावी. खेळाडूच्या मानधनाला हात लागू नये. ती रक्कम पुण्याच्या किंवा मुंबईच्या कार्यालयात थांबू नये, ज्या मैदानावर त्याने पहिला चेंडू टाकला त्या मैदानाच्या रोलरला आणि जाळीला लागावी.

या तिसऱ्या सूचनेवर आक्षेप येईल की क्रिकेट म्हणजे खरेदी-विक्री नव्हे. पण किंमत आजही आहेच. ती फक्त अदृश्य आहे आणि एकट्या खेळाडूकडून वसूल होते, कधी बदनामीच्या रूपाने, कधी वाया गेलेल्या हंगामाच्या रूपाने. ज्याने त्याला घडवले त्या प्रशिक्षकाला मात्र सत्काराच्या नारळापलीकडे काही मिळत नाही.

उरणच्या लोकांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. १९७० पासून त्यांच्या गावांवर नवे नकाशे पसरले जात आहेत. जमीन कोणाची, तिची किंमत कोणी ठरवायची आणि ती कोणाच्या हाती द्यायची, यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी इथे जे आंदोलन झाले त्यात पाच शेतकऱ्यांचे प्राण गेले. साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकाला परत, हे तत्त्व त्या लढ्यातून पुढे आले. शहर वाढू नये असे ते आंदोलक म्हणत नव्हते. ज्याच्या शेतावर शहर उभे राहते त्याचा त्यात वाटा असावा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. जमिनीच्या बाबतीत जे तत्त्व मान्य करायला शासनाला भाग पाडले गेले, ते माणसांच्या बाबतीत मान्य करायला क्रिकेट संघटनांना अडचण का असावी?

खेळाडू जाणारच. हजारे गेले, मंकड गेले, नाडकर्णी गेले आणि त्यांच्या जाण्याने क्रिकेट गरीब झाले नाही. जो जातो त्याला अपराधी ठरवण्यात आपण बरीच शाई खर्च केली. जिथून तो जातो त्या गावाचा हिशेब मांडायला ती शाई यापुढे वापरली, तर फुंड्याच्या मैदानावर आज सराव करणाऱ्या मुलाला निदान आपण कोणाचे हे विचारताना संकोच वाटणार नाही, आणि तो निघून गेल्यावर त्या मैदानावर गवत माजणार नाही.